एकट्याचा वनप्रवास

“सर, तुम्ही एकटेच कां गेलां?” दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशीं नववीच्या वर्गांत हा प्रश्न प्रथम विचारला गेला; आणि पुढें तोच शिक्षकांच्या खोलींत, भाजीबाजारांत व पालकसभेंत निरनिराळ्या सुरांत मला ऐकावा लागला. मुलांच्या प्रश्नांत कुतूहल होतें; वडीलधाऱ्यांच्या प्रश्नांत किंचित् संशय होता. चाळिशी उलटलेल्या, संसारी, पेशानें शिक्षक असलेल्या गृहस्थानें आपली लहानशी मोटार घेऊन नऊ दिवस विदर्भाच्या रानांतून एकट्यानेंच हिंडावें, त्या अर्थीं त्याचें घरीं कांहीं तरी बिनसलें असावें, असा कित्येकांचा तर्क दिसला. घरीं कांहीं बिनसलें नव्हतें. शिदोरी घरच्याच मंडळींनीं बांधून दिली होती, आणि रोज सायंकाळीं मुक्कामावर पोंचल्याची वर्दी देण्याची अटहि घातली होती. तथापि प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. ज्या विद्यार्थ्यांनीं तो विचारला ते आणखी चारपांच वर्षांत स्वतःच्या वाहनावर बसतील, आणि त्यांतले कांहीं ह्याच रस्त्यांनीं जातील. म्हणून त्याचें उत्तर सविस्तर, आणि ह्या प्रवासांत माझ्या हातून जी चूक घडली ती न लपवितां, देण्याचें मीं ठरविलें आहे.

प्रथम मार्ग सांगतों. महाराष्ट्रांत राष्ट्रीय उद्यानें सहा आहेत. बोरिवलीचें व चांदोलीचें हीं दोन वगळतां बाकीचीं चार विदर्भांत पडतात: मेळघाटांतील गुगामल, नागपूरच्या उत्तरेस पेंच, गोंदिया जिल्ह्यांत नवेगांव, आणि चंद्रपूरकडे ताडोबा. ह्यांत ताडोबा सर्वांत जुनें. तें १९५५ सालीं जाहीर झालें. ह्या चारहि उद्यानांस जोडणारा रस्ता धरून मी गेलों. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उद्यानाच्या गाभ्यांत आपली मोटार मनास येईल तशी हांकीत नेतां येत नाहीं. ती प्रवेशद्वाराशीं ठेवावयाची, आणि परवान्याच्या जिप्सींतून गाईडसह आंत जावयाचें. तेव्हां ज्यास मी एकट्याचा वनप्रवास म्हणतों त्याचा बहुतेक भाग रानामधून व रानाच्या कडेनें जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरच घडला. आणि मला जें सांगावयाचें आहे तेंहि ह्या रस्त्यांविषयींच आहे.

एकट्यानें जाण्याचें कारण अगदीं साधें आहे. मोटारींत चार माणसें असलीं म्हणजे चौघांची भूक, चौघांची झोंप आणि चौघांची घाई बरोबर येते. एकाला चहा हवा असतो, दुसऱ्याला मुक्काम गांठावयाचा असतो, तिसऱ्याला वाघ दिसल्यावांचून चैन पडत नाहीं, आणि चौथा गाणीं लावतो. रानाची ओळख डोळ्यांपेक्षां कानांनींच अधिक होते. जेथें थांबण्यास मनाई नाहीं अशा जागीं मोटार बंद करून, आंतच बसून, कांच खालीं घेऊन दहा मिनिटें स्वस्थ राहिलें, म्हणजे आधीं आपल्याच यंत्राचा थंड होतांना होणारा टकटक आवाज ऐकूं येतो. मग वाऱ्यानें सागाचें एखादें वाळलेलें पान खालीं येतें त्याचा. आणि मग दूर कोठें तरी चितळाची ती एकच तीक्ष्ण हांक. चार जणांत दहा मिनिटें कोणी गप्प बसत नाहीं, हा सहलींचा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. आणि ह्या बाबतींत मी विद्यार्थ्यांपेक्षां शिक्षकांसच अधिक दोष देतों.

मेळघाट हें नांवच मुळीं घाटांच्या मेळाव्यावरून पडलें आहे. परतवाडा सोडून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा जो रस्ता जातो, त्याला सरळपणा ठाऊक नाहीं. दर वळणावर वेग आपोआप उतरतो, आणि दोन दिवसांत त्या संथपणाची मला अशी गोडी लागली कीं, मागून येणाऱ्या मोटारींस वाट देण्यासाठीं मी आनंदानें कडेला होऊं लागलों. साग, ऐन, धावडा, मोह ह्यांच्या खालीं गवत पिवळें पडूं लागलें होतें. सिपना नदी पावसाळ्यानंतरची, भरलेली पण शांत अशी होती. ह्या रानांत रानपिंगळा म्हणून एक लहानसें घुबड राहतें. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक ठावठिकाणा कोणालाच लागला नव्हता, आणि तो नामशेष झाला असें पुष्कळांनीं धरलें होतें. १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ तो पुन्हां सांपडला, आणि पुढें मेळघाटांतहि त्याची चांगली वस्ती असल्याचें आढळलें. हा पक्षी दिवसां उघडपणें फांदीवर बसणारा आहे. शंभराहून अधिक वर्षें तो कोणास दिसला नाहीं, ह्यांत दोष त्याचा खचित नव्हता. मलाहि तो दिसला नाहीं.

आतां चुकीकडे येतों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मी कोलकासच्या बाजूस नदीकांठीं इतका रमलों कीं, उन्हें उतरलेलीं कळलीं नाहींत. सेमाडोहला साडेसातला जेवण मांडतात. उशीर झाला तर मागून कोणी चूल पेटवीत नाहीं, असें मला सकाळींच बजावण्यांत आलें होतें. दोन दिवस जपलेला संथपणा मीं पंधरा मिनिटांत टाकून दिला. अंधार पडत होता, रस्ता मोकळा होता, आणि माझें लक्ष जेवणाच्या वेळेवर होतें. एका वळणानंतर दिव्यांच्या झोतांत, रस्त्याच्या मध्यावर, दोन निखाऱ्यांसारखे तांबडे ठिपके दिसले. कोणी फोडलेल्या बाटलीच्या कांचा असाव्यात, असें मनांत येतें न येतें तोंच एक बारीकसा आवाज झाला. फळा पुसण्याचें डस्टर जमिनीवर पडावें इतकाच.

तो रातवा होता. वाळक्या पानांचा, राखेचा आणि सालींचा रंग एकत्र करून कोणी त्याचीं पिसें विणलीं असावींत असा हा पक्षी दिवसां जमिनीवर बसला तर चार हातांवरूनहि ओळखूं येत नाहीं. आणि रात्रीं मात्र भर रस्त्यांत येऊन बसतो. मीं मोटार थांबवून, मागें चालत जाऊन त्याला उचललें तेव्हां तो गरम होता. मान लोंबत होती. रस्त्यावर मागें पुढें एकहि दिवा दिसत नव्हता. त्याला कडेच्या गवतांत ठेवून पुढें निघून गेलों असतों, तर हें कोणासहि कळलें नसतें, आणि जेवणहि वेळेवर मिळालें असतें. एकट्यानें प्रवास करण्याचें जें सुख मीं वर वर्णिलें, त्याची दुसरी बाजू मला तेथें कळली: माझ्या शेजारच्या आसनावर कोणी असतें, तर “अहो, जरा सावकाश,” असें त्यानें दोन वळणें आधींच म्हटलें असतें.

पुढच्या वनचौकीवर मीं तो पक्षी रुमालांत घेऊन गेलों. तेथील वनरक्षक पंचविशीचा एक कोरकू तरुण होता. त्यानें विजेरीच्या उजेडांत आधीं पक्षी पाहिला, मग माझ्या मोटारीचा पुढचा भाग पाहिला. “हा ऊब घ्यायला बसतो, साहेब,” तो म्हणाला. “डांबर रात्रीं कोमट असतं. किडेपण तिथंच मिळतात.” मग नोंदवही उघडून त्यानें तारीख, जागा, पक्ष्याचें नांव आणि माझ्या मोटारीचा क्रमांक लिहिला. लिहितां लिहितां, कांहीं रागानें नव्हे, त्यानें विचारलें, “कुठं पोचायचं होतं?” मीं म्हटलें, “जेवायला.” त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. सही करण्यासाठीं त्यानें वही माझ्याकडे फिरविली. त्या पानावर माझ्या आधीं इतर प्राण्यांच्या नोंदी होत्या; मोटारीच्या क्रमांकाचा रकाना मात्र त्यांपैकीं एकीसमोरहि भरलेला नव्हता.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. आणि त्यामुळेंच मध्यरात्रीनंतर परतवाड्याच्या दिशेनें अतिवेगानें गेलेल्या रुग्णवाहिकेचा आवाज मीं ऐकला. माझ्या विचारांस त्या आवाजानें वेगळें वळण दिलें. मेळघाटांत बालकें दगावण्याचें, कुपोषणाचें दुःख किती जुनें आहे हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्या पालकांस सांगावयास नको. मोठें रुग्णालय दूर आणि रस्ता घाटाचा. अडलेल्या बाळंतिणीस घेऊन जाणाऱ्या वाहनानें सावकाश जावें, असें कोण म्हणेल? शहरांतून चार दिवसांसाठीं येणाऱ्या कांहीं निसर्गप्रेमी गृहस्थांची अशी इच्छा असते कीं, रानांतल्या लोकांनीं रस्त्यावांचून, विजेवांचून आणि दवाखान्यावांचून राहावें, म्हणजे ह्यांच्या छायाचित्रांत तारा येणार नाहींत. मला ही इच्छा लज्जास्पद वाटते. आधींच त्या लोकांनीं रानासाठीं थोडें सोडलेलें नाहीं. बोरी, कोहा, कुंड हीं गांवें पाव शतकापूर्वींच आपलीं घरें, आपल्या विहिरी आणि आपल्या मृतांच्या जागा मागें ठेवून अकोटच्या बाजूस उतरून गेलीं, तीं वाघास मोकळीक मिळावी म्हणून. त्यांनीं मोकळ्या केलेल्या रानालगतच्या रस्त्यानें मी जेवणासाठीं धांवत होतों.

वेग कोणाला असावा आणि कोणाला नसावा, हा भेद करणें अशक्य आहे असें कोणी म्हणेल, तर त्याला कर्नाटकांतील बंदीपूरचें उदाहरण दाखवितां येईल. म्हैसूरहून केरळांत वायनाडकडे आणि तामिळनाडूंत उटीकडे जाणारे दोन राष्ट्रीय महामार्ग त्या उद्यानांतून जातात. २००९ सालापासून ते रात्रीं नऊ ते सकाळीं सहा बंद ठेवण्यांत येतात. रुग्णवाहिका व ठराविक सरकारी बसगाड्या तेवढ्या सोडतात. वायनाडच्या व्यापाऱ्यांनीं व शेतकऱ्यांनीं ह्याविरुद्ध पुष्कळ ओरड केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि त्यांची अडचण खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं, कारण भाजीपाल्याला रात्र महत्त्वाची असते. परंतु ज्याला खरोखरी निकड आहे त्याच्यासाठीं दार उघडें ठेवून इतरांस थांबविणें शक्य आहे, इतकें तेथें सिद्ध झालें आहे.

नागपूरहून पेंचकडे जातांना ह्याच प्रश्नाचें दुसरें, खर्चिक उत्तर पाहावयास मिळतें. नागपूर–शिवनी–जबलपूर हा महामार्ग मनसर, चोरबाहुली, खवासा असा पेंचच्या रानास चिरून जातो. हेंच तें शिवनीचें रान, जेथें किपलिंगनें १८९४ च्या आपल्या पुस्तकांत मोगलीस खेळविलें. हा महामार्ग चौपदरी करण्याचें काम वादामुळें व न्यायालयांमुळें कित्येक वर्षें अडलें. अखेर असें ठरलें कीं, रस्ता ठिकठिकाणीं खांबांवर उचलावा आणि जनावरांनीं खालून जावें. महाराष्ट्राच्या हद्दींत असे नऊ मार्ग आहेत, आणि त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरांचा आहे. २०१९ सालीं तेथें बसविलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्य प्राणी खालून जातांना टिपले गेले. चितळें व रानडुकरें ह्यांचे कळप तर गेलेच, पण वाघहि अनेकदां गेले. मी वरून गेलों तेव्हां मला पुलाच्या कठड्यांपलीकडे कांहींहि दिसलें नाहीं. माझ्या चाकांखालून त्या घटकेस कोण चाललें होतें, देव जाणे. असा अज्ञानांत केलेला प्रवास रमणीय नसतो, हें खरें. पण खालून जाणाऱ्यास माझ्या रमणीयतेशीं कर्तव्य नाहीं. मला वाटतें, मोठ्या रस्त्यांस ह्याहून चांगला उपाय तूर्त कोणास सुचलेला नाहीं. अडचण इतकीच कीं, सेमाडोहच्या रस्त्यावर रातव्यासाठीं कोणी पूल बांधणार नाहीं. तेथें जो काय उपाय आहे तो मोटार हांकणाऱ्याच्या उजव्या पायापाशीं आहे.

नवेगांवविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों. नुकतेच १८ जून २०२५ रोजीं दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली ह्यांनीं तेथें वनाधिकारी असतांना त्या तळ्यावर व पक्ष्यांवर जें पाहून ठेवलें, त्यापुढें माझ्या एका दिवसाची ती काय मातब्बरी? त्यांचीं पुस्तकें आपल्या ग्रंथालयांत आहेत, आणि गेल्या वर्षांत तीं फारशीं बाहेर गेलेलीं नाहींत, हें मी विद्यार्थ्यांच्या नजरेस आणतों.

नवेगांवहून ताडोब्याकडे मी अर्जुनी मोरगांव, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ह्या वाटेनें गेलों. हा सारा धानाचा मुलूख. कापणी चालली होती. नकाशांत येथें उद्यान नाहीं, पण वाघ आहे; उद्यानाची सीमा त्याला कोणी वाचून दाखविलेली नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत सरपण आणावयास, मोह वेंचावयास, शेतावर राखण करावयास गेलेलीं किती तरी माणसें वाघानें मारलीं आहेत. सिंदेवाहीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेत असतां, टपरीवाल्या बाईंनीं मला तोच प्रश्न विचारला, जो पुढें नववीच्या वर्गानें विचारला: “एकलेच आले का जी?” मीं मोठ्या समाधानानें होय म्हटलें, आणि एकटें फिरण्यांत काय मौज असते तें सांगूं लागलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग समोरच्या शेतांत वांकून कापणी करणाऱ्या बायकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आमच्या इकडं एकली बाई बांधीत नाही जात जी. पाच-सहा जमल्या का मंग जातात.” बांधी म्हणजे धानाचें शेत. त्या बायकांच्या पाठीशीं, बांधावर, काठी घेऊन एक म्हातारा रानाकडे तोंड करून उभा होता. तो कापणी करीत नव्हता. मीं चहाचे पैसे दिले. एकटेपणाविषयींचें माझें व्याख्यान अर्धवटच राहिलें, आणि आजवर तें मीं पुरें केलेलें नाहीं.

ताडोब्यांत एकट्याला सबंध जिप्सीचें भाडें भरावें लागतें. शिक्षकाच्या खिशाला तें जड गेलें, हें कबूल करतों. भ्रमणध्वनि प्रवेशद्वाराशींच ठेवावा लागला, आणि ह्या नियमाचें मीं मनापासून स्वागत केलें. मोहर्लीहून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांबांची एक ओळ आहे. गोंड राजांच्या काळीं त्यांवरून दोर नेऊन घंटेनें निरोप धाडीत असत, असें गाईड सांगतात. राजाची स्वारी येत असल्याची वर्दी रानाला अशी आधीं मिळत असे म्हणावयाची! त्याच रस्त्यावर सकाळीं साडेसातच्या सुमारास आम्हांस वाघीण दिसली. बांबूंतून ती बाहेर आली. तिला रस्ता ओलांडून पलीकडच्या ओढ्याकडे जावयाचें असावें. पण तोंवर बारा जिप्सी एकीमागें एक येऊन लागल्या होत्या, आणि बारांपैकीं एकहि मागें सरेना, कारण मागें सरणाऱ्याची जागा दुसरा घेतो. वाघीण थोडा वेळ उभी राहिली. तिनें ह्या टोकाकडून त्या टोकाकडे पाहिलें, आणि आली तशी बांबूंत परत गेली. आमच्या जिप्सींतला गाईड “छान दर्शन झालें, सर,” असें म्हणाला. दर्शन छान झालें, ह्यांत शंका नाहीं; पण त्या बारांतली एक जिप्सी मीं एकट्यानें भाड्यानें घेतलेली होती, आणि ती मागें घ्या असें मीं म्हटलें नाहीं.

असो. नववीच्या वर्गानें हें सारें ऐकून घेतल्यावर पुढील वर्षीं शाळेची सहल मेळघाटांत न्यावी असा आग्रह धरला, आणि मुख्याध्यापकांनीं त्यास संमति दिली आहे. कार्यक्रमाचा कच्चा आराखडा पालकांस पाठविण्यांत आला, त्यावर बऱ्याच सूचना आल्या आहेत. त्यांपैकीं एकीचें उत्तर येथेंच देतों, म्हणजे प्रत्येकास निराळें पत्र लिहावयास नको. पहिल्या दिवशीं बस दुपारीं चार वाजतांच सेमाडोहला थांबते, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडेपर्यंत हालत नाहीं. त्यामुळें अर्धा दिवस फुकट जातो, तो वांचवून मुलांस चिखलदऱ्याचा सूर्यास्त दाखवितां येईल, असें अनेकांनीं सुचविलें आहे. तो सूर्यास्त पहिल्या आराखड्यांत होता. मींच तो काढला. सूर्य बुडाल्यावर चिखलदऱ्याहून निघालें, तर सेमाडोहपर्यंतचा सगळा रस्ता अंधारांत येतो, आणि बसमधल्या पन्नास मुलांस त्या वेळीं भूक लागलेली असते.